कासारवाडीचा गडद हिरवा ठिपका

प्राजक्ता 'जयमाला रबर'मध्ये नोकरीला लागली तेव्हा कंपनीत नकाशा असा एकच होता. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं ते दाखवणारा. तो जिन्याजवळ लावलेला होता, आणि कुणीतरी घाईत उलटा चिकटवल्यामुळे त्याच्याप्रमाणे पळणारा माणूस थेट बॉयलरपाशी पोचला असता.

कंपनी चाकणच्या एमआयडीसीत. मोटारींच्या दारांना बसणाऱ्या रबरी पट्ट्या मोठ्या कारखान्यांना पुरवणं हा तिचा मुख्य धंदा. पण मालक नानासाहेबांचा जीव कुकरच्या रिंगांमध्ये. मोशीची जमीन विकली गेली तेव्हा भाऊबंदांनी बंगले बांधले, गाड्या घेतल्या. नानासाहेबांनी रबराचं एक जुनं प्रेस घेतलं आणि त्यातून पहिली वस्तू काढली ती कुकरची रिंग. तिला बायकोचं नाव दिलं. आता त्या रिंगा घेऊन पाच सेल्समन जिल्हाभर मोटारसायकलवर हिंडत, आणि माल खपत होता. कुठं खपतो, हे नानासाहेबांनी कधी विचारलं नव्हतं. खपतोय ना, मग झालं.

विचारलं ते त्यांच्या मुलानं. रणजीत बाहेरून व्यवस्थापन शिकून आला होता आणि कंपनीत सगळे त्याला दादा म्हणत. तो बालेवाडीच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या सेमिनारला गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग बोलावून म्हणाला, "आपण आंधळे आहोत."

नानासाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आपला माल कुठं जातो ते आपल्याला दिसत नाही. आजकाल सगळे नकाशावर बघतात. थरावर थर. खाली तालुके, वर लोकवस्ती, त्याच्यावर दुकानं, त्याच्यावर विक्री. एका नजरेत कळतं."

त्यासाठी प्राजक्ताला घेतलं. ती सांगवीची, भूगोलात एमएस्सी, वय सत्तावीस. नकाशे तिला खरोखर आवडत. आधीच्या नोकरीत तिनं दोन वर्षं गटारांचे नकाशे केले होते, त्यामुळे कुकरच्या रिंगा म्हणजे तिला बढतीच वाटली. तिनं महिनाभर खपून तालुक्यांच्या, गावांच्या हद्दी बसवल्या. घरांची संख्या मिळवून दुसरा थर केला. रस्त्यांचा तिसरा. मग सेल्समनच्या मोबाइलसाठी एक अ‍ॅप बनवून घेतलं. प्रत्येकानं माल दिला की तिथल्या तिथं दुकानाचं नाव निवडायचं आणि किती रिंगा दिल्या ते भरायचं, म्हणजे विक्रीचा थर आपोआप रंगत जाईल. दुकान नवं असेल तर त्याची नोंदणी करायची. नोंदणीच्या फॉर्ममध्ये तेवीस रकाने होते. दुकानाच्या पाटीचा फोटो सक्तीचा. पाटी नाही तर दुकान नाही. हा नियम प्राजक्ताचाच. तिला नकाशा स्वच्छ हवा होता.

रंगांवरून एक पूर्ण दुपार गेली. प्राजक्तानं जास्त विक्रीला हिरवा, कमी विक्रीला लाल असे नेहमीचे रंग दिले होते.

"लाल नको," रणजीत म्हणाला. "लाल बघितला की डीलरला वाईट वाटतं. निगेटिव्हिटी येते."

"मग पिवळा?"

"पिवळा म्हणजे आजारी दिसतं. असं करा, हिरवा, गडद हिरवा, आणि एकदम गडद हिरवा."

"आणि जिथं काहीच खपत नाही तिथं?"

रणजीतनं बराच विचार केला. "पांढरा. पांढरा म्हणजे संधी."

तीन महिन्यांनी नकाशा भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लागला. टीव्ही एवढा मोठा होता की तो आणण्यासाठी केबिनच्या दाराची चौकट काढावी लागली होती. नानासाहेबांनी सवयीप्रमाणे आधी मोशी शोधली, इंद्रायणीच्या काठानं बोट फिरवलं आणि त्यांचा विकलेला गट नेमका कुठं येतो ते सगळ्यांना दाखवलं. मग बोट खाली सरकवत ते कासारवाडीपाशी थांबले.

"आन् हे काय हाय? शाई सांडली का काय?"

कासारवाडीवर एक ठिपका होता. एकदम गडद हिरव्याच्याही पलीकडचा, जवळजवळ काळा. बाकी पिंपरी-चिंचवड बेताचं हिरवं होतं. आणि वर, चाकणपासून खेड, आंबेगाव, जुन्नरपर्यंतचा सगळा उत्तरेचा पट्टा पांढराशुभ्र होता.

प्राजक्तानं ठिपक्यावर क्लिक केलं. एकच दुकान. 'ए-वन कुकर रिपेअर', मालक इनायत बागवान, स्टेशनकडच्या रस्त्यावर. तीन महिन्यांत शेहेचाळीस हजार रिंगा.

"कासारवाडीत एवढे कुकर हायेत?" नानासाहेबांनी विचारलं.

प्रश्न सरळ होता आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात तोच होता. पण उत्तर रणजीतनं दिलं, आणि तेही लगेच. "आबा, हा शिफ्टचा भाग आहे. तीन शिफ्ट, म्हणजे घरात तीन वेळा स्वयंपाक. तीनदा कुकर. रिंग लवकर झिजते. हे आपल्याला कधीच कळलं नसतं. नकाशामुळं कळलं."

"शिफ्ट तर भोसरीतबी हाय. तिथं का न्हाई झिजत?"

"तिथं लोक डबे लावतात."

प्राजक्तानं दुसऱ्या दिवशी घरांचा थर आणि विक्रीचा थर एकावर एक ठेवून भागाकार केला. उत्तर आलं की कासारवाडीतलं प्रत्येक घर दर पंधरा दिवसांनी कुकरची रिंग बदलतं. तिच्या आईच्या कुकरची रिंग वर्षभर चालायची. ती रणजीतकडे गेली.

"दादा, यात काहीतरी चुकतंय. मी एकदा प्रत्यक्ष जाऊन बघते."

"कशाला? डेटा आहे ना आपल्याकडं?"

"डेटाच बरोबर आहे का ते बघायला."

"प्राजक्ता," रणजीत समजुतीच्या सुरात म्हणाला, "प्रत्यक्ष जायचं असतं तर नकाशा कशाला केला?"

मग निर्णय झाले. पहिला, माल विक्रीच्या प्रमाणात आपोआप पाठवायचा. जिथं हिरवं तिथं टेम्पो, जिथं पांढरं तिथं दोन खोकी. दुसरा, उत्तरेचा पट्टा महिनाअखेर बंद. त्या पट्ट्याचा सेल्समन ज्योतीराम सोळा वर्षं तिथं हिंडत होता. त्याला पत्र दिलं की आपल्या विभागात विक्री शून्य असल्यानं पुढच्या महिन्यापासून आपली गरज नाही. आणि तिसरा, इनायत बागवान यांचा जाहीर सत्कार करायचा. 'कासारवाडी मॉडेल' नावाची सोळा पानांची रंगीत पुस्तिका छापायला गेली.

ते पत्र प्राजक्तानंच टाइप केलं होतं, कारण सोबत नकाशा जोडायचा होता. ज्योतीरामला तिनं एकदाच पाहिलं होतं, अ‍ॅप शिकवताना. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, मोबाइल दोन्ही हातांत धरून बसलेला माणूस. त्यानं एकच प्रश्न विचारला होता, "मॅडम, पाटीच नसंल तर?" आणि ती म्हणाली होती, "पाटी लागेलच." पत्र पाकिटात घालताना तो प्रश्न तिला आठवला आणि तो दिवसभर डोक्यातून जाईना. शेवटी गुरुवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटर कासारवाडीकडे वळवली.

दुकान आठ बाय दहाचं होतं. तिला आधी ते दिसलंच नाही, कारण दारापुढं छातीइतकी खोकी रचलेली होती. खोक्यांवर 'जयमाला' लिहिलेलं. आत, खोक्यांच्या बोळात, साठीचा एक बारीक माणूस खोक्यावर बसून, दुसऱ्या खोक्यावर डबा उघडून जेवत होता.

"इनायतभाई?"

"हां. कुकर दुरुस्तीला असेल तर संध्याकाळी या. पान्हे कुठल्या खोक्यामागं गेलेत, सापडत नाहीत."

प्राजक्तानं कंपनीचं नाव सांगितलं. इनायतभाईंनी घास खाली ठेवला.

"बरं झालं आलात. बसा. खुर्ची होती, तीपण आत अडकलीय. खोक्यावर बसा. मॅडम, मी तुमचं काय बिघडवलंय? दर सोमवारी टेम्पो येतो. मी म्हणतो नको, तो म्हणतो सिस्टीममध्ये आहे. फोन केला तर बाई सांगते एक दाबा, दोन दाबा. काही खोकी घरी नेली. माझी बायको ताजुन्निसा म्हणते, एकतर मी राहीन नाहीतर ही खोकी राहतील."

"तुम्ही महिन्याला किती रिंगा विकता?"

"तीस. पस्तीस म्हणा. दिवाळीच्या आधी पन्नास."

बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. दोन्ही बाजूंना कापडी पिशव्या लावलेली गाडी स्टँडवर लावून एक माणूस आत आला आणि कुणाला काही न विचारता चार खोकी उचलायला लागला. मग त्याला प्राजक्ता दिसली. तो ज्योतीराम होता. खोकी हातात तशीच धरून तो उभा राहिला.

"चोरी न्हाई मॅडम. इनायतभाईला ठावं हाय."

"उलट मी त्याच्या पाया पडतो, अजून ने म्हणून," इनायतभाई म्हणाले.

खोकी खाली ठेवून ज्योतीरामनं सगळं सांगितलं, आणि ते ऐकायला फार वेळ लागला नाही. त्याचं सगळं गिऱ्हाईक आठवडे बाजारात बसणारं. चाकण, खेड, मंचर, घोडेगाव, जुन्नर. गोणपाट अंथरून रिंगा, शिट्ट्या, चहाच्या गाळण्या, झाकणाच्या मुठी विकणाऱ्या बाया आणि माणसं. त्यांना दुकान नाही, मग पाटी कुठली? अ‍ॅप फोटो मागायचं. एकदा त्यानं एका म्हातारीच्या छत्रीचा फोटो काढून टाकला, तर अ‍ॅपनं लाल अक्षरात नाकारला. मालाची नोंद तर करायलाच हवी, नाहीतर दुसऱ्या दिवशी माल मिळायचा नाही. मग तो यादीतलं पहिलंच नाव दाबायचा. ए-वन. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं यादीत तेच सगळ्यात वर होतं.

"मी एकटाच न्हाई. बाकीचे चौघंबी तेच करत्यात. तेवीस रकानं भरायला उन्हात कोण उभं ऱ्हाणार? गिऱ्हाईक म्हणतं, माल दे न्हाईतर जा."

"आणि आता इथून माल का नेताय?"

"माझ्या पट्ट्याला दोनच खोकी मिळत्यात. पांढरा हाय म्हणं. मग मी चाकणवरनं इथं येतो, इथनं माल घेतो, आन् परत चाकणच्या बाजारात नेऊन देतो. नोंद करायची म्हणलं की परत ए-वन."

प्राजक्तानं खोक्यावर बसूनच हिशेब जुळवला. कारखाना चाकणला. तिथला माल टेम्पोनं वीस-पंचवीस किलोमीटर खाली कासारवाडीला यायचा, ज्योतीरामच्या गाडीवरून परत चाकणला जायचा, तिथं खपायचा आणि नकाशावर कासारवाडीत उमटायचा. मग आणखी मोठा टेम्पो निघायचा. तिनं केलेला नकाशा तंतोतंत बरोबर होता. त्यात भरलेलं एकही ठिकाण खरं नव्हतं.

"ज्योतीरामभाऊ, फॉर्म मी केला होता," ती म्हणाली.

"मला वाटलंच," तो म्हणाला. रागानं नाही. मग म्हणाला, "चांगला केला होता पर. अक्षर मोठं होतं."

रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी सकाळी तिनं रणजीतला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा क्षणभर खरंच पडला. मग त्यानं टेबलावरची पुस्तिका हातात घेतली. मुखपृष्ठावर गडद हिरवा ठिपका होता आणि त्याखाली रणजीतचा फोटो.

"हे अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"उद्या कार्यक्रम आहे. दोनशे डीलर येतायत. पुस्तिका छापून झाली. आपण हे सोमवारी बघू."

"दादा, ज्योतीरामचा महिना मंगळवारी संपतो."

"म्हणजे सोमवार मध्ये येतो ना?"

तिनं आणखी बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. सांगवीच्या फ्लॅटचा विचार आला, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा आला, आणि ती "बरं" म्हणून जागेवर जाऊन बसली. त्या "बरं"ची तिला पुढं बरेच दिवस लाज वाटत राहिली.

शनिवारी चाकणजवळच्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम झाला. लग्नाची तिथी नव्हती म्हणून हॉल स्वस्तात मिळाला होता, पण आदल्या लग्नाची फुलं तशीच होती. स्टेजच्या मागं 'चि. सौ. कां.' ही अक्षरं अर्धवट झाकून नकाशाचा पडदा लावला होता. रणजीतनं अर्धा तास कासारवाडी मॉडेल समजावलं. खालच्या डीलरांनी वह्या काढल्या. एकानं तर उठून विचारलं, "आमच्याकडं पण लोकांनी रिंग पंधरा दिवसांत बदलावी म्हणून काय करता येईल?" रणजीत म्हणाला, "अवेअरनेस."

मग इनायतभाईंना स्टेजवर बोलावलं. ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. सोबत मुलगी शाहीन होती, ती पहिल्या रांगेत मोबाइलवर शूटिंग करत होती. शाल झाली, नारळ झाला, आणि रणजीतनं माइक त्यांच्या हातात दिला. "आपल्या यशाचं रहस्य सांगा."

इनायतभाईंनी माइक जरा लांब धरला.

"मी कुकर दुरुस्त करतो," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. रिंगा मी महिन्याला तीस-पस्तीस विकतो. शेहेचाळीस हजार मी आयुष्यात विकल्या नाहीत. विकल्या असत्या तर दुकानाला शटर नवीन बसवलं असतं. तुम्ही ही शाल दिली, मेहरबानी. पण शालीऐवजी टेम्पो बंद केलात तर जास्त मेहरबानी होईल."

मग टाळ्या सुरू झाल्या. मागच्या रांगा उभ्या राहिल्या.

"बघा," रणजीत दुसऱ्या माइकवरून म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला होता, "एवढं यश, आणि पाय किती जमिनीवर!"

"दादा, मी खरं सांगतोय," इनायतभाई म्हणाले. टाळ्या आणखी वाढल्या. प्राजक्ताच्या शेजारी बसलेल्या डीलरनं वहीत लिहिलं, 'नम्रता.'

फक्त एक माणूस टाळ्या वाजवत नव्हता. नानासाहेब स्टेजवरच्या लाल खुर्चीत मांड्यांवर हात ठेवून इनायतभाईंकडे बघत होते. टाळ्या थांबायच्या आतच ते उठले, बाजूच्या पायऱ्या उतरले आणि प्राजक्तापाशी आले.

"पोरी, ह्यो मानूस खरं बोलतोय का?"

"हो, साहेब."

"तुला कवापासनं ठावं?"

"परवापासून. दादांना काल सांगितलं." ती उभी राहिली. या वेळी तिला थांबायचं नव्हतं. "आणि चूक माझीपण आहे. पाटी नसेल तर दुकान धरायचं नाही, हा नियम मी केला होता. माल सगळा बाजारात खपतोय, साहेब. ज्योतीराम खपवतोय. ज्याला आपण काढलंय तो."

"कुठल्या बाजारात?"

"आज शनिवार आहे. इथल्याच. चाकणच्या."

नानासाहेबांनी धोतराचा सोगा आवरला. "चल, दाखीव."

स्टेजवर दुसरं भाषण सुरू होत होतं. दोघं बाहेर पडून नानासाहेबांच्या गाडीतून निघाले, पण बाजाराच्या दोनशे पावलं अलीकडं गाडी ट्रॅफिकमध्ये रुतली आणि पुढं ते चालत गेले. कांद्याच्या गोण्या, प्लॅस्टिकच्या घागरी, मोबाइलची कव्हरं, बिहारी कामगारांसाठी सत्तू, सगळं एकमेकांना खेटून मांडलेलं. ज्योतीराम एका लोखंडी खांबापाशी कुणाशी तरी बोलत होता. मालकाला पाहून त्यानं टोपी काढली आणि परत घातली.

"ही विमलबाई," तो म्हणाला.

विमलबाई गोणपाटावर बसल्या होत्या. समोर शिट्ट्या, गाळण्या, शेगडीचे बर्नर, आणि डाव्या हातात कोपरापर्यंत कुकरच्या रिंगा, बांगड्या भराव्यात तशा. लहान माप मनगटाशी, मोठं कोपराशी. गिऱ्हाइकानं कुकरचं नाव घेतलं की त्या न बघता नेमकी रिंग ओढून काढत.

"किती जात्यात म्हातारे?" नानासाहेबांनी उकिडवं बसत विचारलं.

"तुमी कोण?"

"रिंगा आमच्या हायेत."

"मग ऐका की वो," विमलबाईंनी हातातल्या रिंगा पुढं केल्या. "हेच्यात तुमच्या किती हायेत बघा."

नानासाहेबांनी रिंगा एकेक करून उलट्या केल्या. जयमाला फक्त तीन होत्या. बाकीच्यांवर दुसरंच नाव होतं, नाशिककडच्या कुठल्या तरी कारखान्याचं.

"सोळा वर्सं मी तुमचीच विकली. ह्यो ज्योतीराम एक शनवार चुकला न्हाई. आता महिना झाला, कवा चार डझन, कवा काय न्हाई. गिऱ्हाईक काय माज्यासाठी डाळ शिजवायची थांबतंय व्हय? मग ह्या नाशिकवाल्यांचा मानूस आला. त्यानं इचारलं न्हाई, पाटी कुठंय म्हणून. माल टाकला आन् गेला."

नानासाहेबांनी त्या तीन रिंगा हातात घेतल्या. प्राजक्ताला वाटलं ते चिडतील, पण ते चिडले नाहीत. विमलबाईंच्या शेजारी आणखी एक गोणपाट, त्यापलीकडं आणखी एक. ते उठून प्रत्येकापाशी जात राहिले, माप विचारत, रबर दाबून बघत, नाशिकवाल्यांची रिंग नाकाला लावून वास घेत. तासाभरात त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचा रंग गेला. मंगल कार्यालयातून रणजीतचे फोन येत होते. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला.

"आबा, कुठं आहात? आभारप्रदर्शन चाललंय."

"कर तू आभार. मी पांढऱ्यात हाय," नानासाहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

ज्योतीरामची नोकरी त्याच दिवशी, बाजारात उभ्याउभ्या, वाचली. पत्र परत घ्यायला मात्र नऊ दिवस लागले, कारण सिस्टीममध्ये काढलेल्या माणसाला परत घेण्याचा पर्यायच नव्हता. शेवटी त्याला नवीन माणूस म्हणून भरती केलं आणि सोळा वर्षांचा सेल्समन कागदोपत्री शिकाऊ झाला. पगार जुनाच ठेवला. इनायतभाईंच्या दुकानातली एकशे चाळीस खोकी दोन टेम्पोंनी परत आली, आणि त्यांच्यामागून पान्ह्यांची पिशवी, खुर्ची आणि एका गिऱ्हाइकाचा दीड महिन्यापूर्वी हरवलेला कुकर सापडला.

प्राजक्तानं फॉर्म नव्यानं केला. तेवीस रकान्यांचे तीन केले: माणसाचं नाव, बाजाराचं गाव, बाजाराचा वार. मग महिनाभर ती ज्योतीरामबरोबर बाजार हिंडली. तो विचारल्याबरोबर सांगायचा की अमकी पिंपळाखाली बसते, तमका पावसाळ्यात शाळेच्या भिंतीला जातो, एकजण दर दोन बाजारांनी जागा बदलतो कारण त्याचं शेजाऱ्याशी भांडण आहे. दोनशे सत्तेचाळीस माणसं निघाली. तिनं ती सगळी नकाशावर आणली, आणि बाजार वारानुसार भरतात म्हणून वारांचे सात थर केले. सोमवारचा दाबला की सोमवारचे बाजार, मंगळवारचा दाबला की मंगळवारचे. आधीच्या कुठल्याही नकाशापेक्षा तिला हा जास्त आवडला, कारण त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा चेहरा तिला माहीत होता.

गेलेली सगळी गिऱ्हाइकं मात्र परत आली नाहीत. विमलबाईंच्या हातावर आता निम्म्या रिंगा जयमाला होत्या, निम्म्या नाशिकच्या, आणि हे असंच राहणार असं त्यांनी नानासाहेबांना तोंडावर सांगितलं.

रणजीतला सावरायला दोन आठवडे लागले. मग तो परत बालेवाडीच्या त्याच हॉटेलात गेला आणि वारांचे सात थर दाखवून त्यानं 'मूव्हिंग रिटेल' या विषयावर भाषण केलं. 'कासारवाडी मॉडेल'चं नाव त्यात आलं नाही. त्याला काचेचं एक स्मृतिचिन्ह मिळालं आणि ते त्यानं टीव्हीखाली ठेवलं. प्राजक्ताचं नाव त्यानं शेवटच्या स्लाइडवर घातलं होतं. एका अक्षराची चूक होती, पण घातलं होतं.

पुढच्या महिन्याच्या मीटिंगला सगळे जमले. या वेळी ज्योतीरामलाही बोलावलं होतं, तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. प्राजक्तानं एकेक वार दाखवत नेला. शनिवारी चाकण हिरवं झालं तेव्हा नानासाहेबांनी मान डोलावली. मग तिनं सोमवार लावला.

रणजीत पुढं झुकला. "हे चाकण पांढरं का आहे?"

"आत्ता सोमवारचा थर लावलाय, दादा."

"हो, पण सोमवारी चाकणमध्ये एकही रिंग नाही? आपला कारखाना चाकणला आहे. शनिवारी एवढं हिरवं आणि सोमवारी शून्य? हे परफॉर्मन्समध्ये सातत्य नाही."

"दादा, सोमवारी चाकणला बाजार नसतो."

रणजीत विचारात पडला. त्यानं पेनानं टेबलावर दोनदा टकटक केलं. ज्योतीराम आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"भरवता येईल का?" रणजीतनं विचारलं.

प्राजक्तानं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला, कारण तो हसण्यानं हलायला लागला होता.

"रणज्या," नानासाहेब शांतपणे म्हणाले, "च्या सांग सगळ्यांना."